कॅलेंडरच्या चौकटीत मावणारा दिवस

रोजनिशी लिहायला वेळ मिळत नाही असं सांगणारी माणसं बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. मी नर्स आहे. मिरजेतल्या एका रुग्णालयात बरीच वर्षं काम करतेय. मॉर्निंग, ईव्हनिंग, नाईट अशा फिरत्या पाळ्या. घरी सासूबाई, अकरावीतली मुलगी, नवऱ्याचं दुकान. ‘पहाटे उठा, शांत बसा, पानभर लिहा’ हा सल्ला मी अनेकदा वाचलाय. पहाटे मी एकतर गाढ झोपलेली असते, नाहीतर वॉर्डात सहाचं टेंपरेचर-बीपी घेत असते. तरीही माझं ठाम मत आहे की रोजनिशी आमच्यासारख्या धावपळीत असलेल्यांनीच लिहावी. ज्यांना निवांतपणा आहे त्यांना त्यांचे दिवस आठवतात तरी. आमचे दिवस एकमेकांत मिसळून जातात. दिवाळी आली की वाटतं, मागची दिवाळी तर आत्ता झाली, मधलं वर्ष गेलं कुठं? ते वर्ष आपणच जगलो, राबलो, हसलो, रडलो, आणि त्यातलं सांगण्यासारखं काही हाती लागत नाही. मला हे फार लागतं. म्हणून मी लिहिते.

हे मी शिकले आईकडून. माझं माहेर पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला कुणी विचारलं, तुम्ही डायरी लिहिता का, तर ती नाहीच म्हणेल. पण स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन मी समजायला लागल्यापासून पाहतेय. तारखेच्या चौकटीत जेवढी मोकळी जागा उरते तेवढ्यात तिचा दिवस. ‘स ४ सं ३॥’ म्हणजे सकाळी चार लिटर आणि संध्याकाळी साडेतीन लिटर दूध डेअरीला घातलं. ‘टाकी लावली’ म्हणजे गॅसची टाकी बदलली. ‘भरवली’ असं लिहून त्याच्याभोवती गोल असेल तर त्या दिवशी म्हैस भरवलेली, आणि तिथून दहा महिने पुढे मोजून, पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलं की त्यात म्हैस विण्याच्या अंदाजे तारखेला आधीच एक फुली मारून ठेवायची. ‘लाईट रात्रीची’ म्हणजे या आठवड्यात मोटारीची वीज रात्री, बाबांना रात्री पाणी पाजायला जावं लागणार. ‘तोड आली’, ‘थोरलीला ताप’, ‘माहेरची माणसं’, ‘भांडण’. भांडण कुणाशी ते लिहिलेलं नसतं, तिला ते लिहायची गरज वाटत नसावी.

वर्ष संपलं की सगळे जुनं कॅलेंडर टाकून देतात, किंवा त्याच्या पानांनी पुस्तकांना कव्हरं घालतात. आई ते गुंडाळून, वर सुतळी बांधून लोखंडी ट्रंकेत ठेवते. मी लहानपणी विचारलं होतं, कशाला ठेवतेस गं? ती म्हणाली, “डोस्क्यात किती ठिवायचं पोरी? लिवून ठिवलं की डोस्कं मोकळं.” मग म्हणाली, “आन् डेअरीवाल्यानं हिशेबात गोंधळ घातला तर?” ही दोन्ही कारणं मला आजही पटतात, आणि मला वाटतं ती याच क्रमाने पटायला हवीत.

वॉर्डात आम्ही दिवसभर लिहितच असतो. आमच्या कामातला पहिला धडा असा की जे लिहिलं नाही ते केलं नाही. इंजेक्शन दिलंत? किती वाजता? ड्रेसिंग बदललंत? जखम कशी होती? पेशंटने किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, उलटी झाली तर किती आणि कसल्या रंगाची, सगळं वेळेसकट. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा तो या नोंदींवरूनच. तिथं ‘पेशंट जरा बरा वाटतोय’ असं वाक्य चालत नाही. ‘पेशंटने दुपारी अर्धी वाटी भात खाल्ला, आधार देऊन खुर्चीत वीस मिनिटं बसले’ असं लागतं. विद्यार्थिदशेत मला हे रुक्ष वाटायचं. पुढे लक्षात आलं की दुसऱ्या वाक्यातून माणूस दिसतो, पहिल्यातून काहीच दिसत नाही. माझ्या वहीतलं मराठी मी या नोंदींवरच घासून घेतलंय. ‘आज खूप दमले’ हे मी लिहित नाही, कारण ते कुठल्याही तारखेला खरं आहे. ‘आज जेवायला सव्वाचार वाजले, डब्यातली मेथी आंबली होती’ हे लिहिते. दमणूक त्यात आपोआप येते.

पेशंटची हिस्टरी घेताना लिहिण्याची किंमत कळते. “किती दिवसांपासून त्रास होतोय?” या प्रश्नाला बहुतेक उत्तर येतं, “लई दिस झालं की.” त्यापुढे आम्ही सण धरून मागे मागे जातो. बेंदराच्या आधी का नंतर? गणपतीत होता का ताप? एकदा एक म्हातारे शेतकरी बायकोला घेऊन आले होते. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी खिशातून कारखान्याची उसाच्या वजनाची जुनी पावती काढली. पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे थंडी वाजली, ताप आला, औषध दिलं, उतरला. एवढंच. ताप एक दिवसाआड चढतोय हे त्या पावतीवर एका नजरेत दिसत होतं. डॉक्टर ती पावती हातात घेऊन दोन मिनिटं वाचत होते. घरातल्या माणसाची एवढी काळजी घेणारा तो माणूस, पण त्याने काळजीचा शब्दही लिहिला नव्हता. मला ती पावती अजून दिसते.

आता लिहायचं कधी आणि कुठं. आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न हाच, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तारखेची. नाईट ड्युटी करणाऱ्याला रोजनिशीत पहिलीच अडचण ही येते की आजचा दिवस कुठला? रात्री आठला घरातून निघाले तेव्हा मंगळवार होता, पहाटे तीनला जे घडलं तो बुधवार, आणि सकाळी घरी येऊन पोहे खाऊन झोपले तोही बुधवारच, आणि संध्याकाळी पाचला उठले तरी अजून बुधवारच. वॉर्डात पेशंटच्या पाण्या-लघवीचा चोवीस तासांचा हिशेब आम्ही सकाळी ओव्हरच्या वेळी बंद करतो. मीही माझा दिवस तिथंच बंद करते. रात्री बाराला काही संपत नाही. आपल्या पंचांगातही दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच मोजतात, सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची तिथी. रात्रपाळीवाल्यांना ही पद्धत सोयीची आहे. पोलीस, रेल्वेवाले, कारखान्यात तिसरी पाळी करणारे, सगळ्यांना मी हेच सांगेन की आपला दिवस कुठं मिटतो ते आधी ठरवा.

दुसरी गोष्ट वहीची. तारखा छापलेली डायरी मला चालत नाही. जानेवारीत बँकेतून, औषध कंपन्यांकडून अशा डायऱ्या भरपूर मिळतात, कव्हरंही सुरेख असतात. पण त्यात प्रत्येक दिवसाला एक पान असतं, आणि दोन ओळी लिहिल्या की उरलेलं पान आपल्याकडे बघत बसतं. चार दिवस राहिले की चार कोरी पानं. मी साधी शंभर पानी वही घेते. तारीख स्वतः घालायची, मग लिहायचं, खाली रेघ ओढायची. दोन ओळींचा दिवस दोन ओळींत संपतो, आणि जड दिवसाला दोन पानं लागली तर तीही मिळतात. ही वही डब्याच्या पिशवीत असते. पिशवी घरी विसरत नाही, म्हणून वहीही विसरत नाही. फोनवर लिहिणाऱ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांचं छान चाललंय, पण ड्युटीवर माझा फोन लॉकरमध्ये असतो, आणि घरी फोन हातात घेतला की आधी नवऱ्याचा, मग शाळेच्या ग्रुपचा, मग नणंदेचा मेसेज. वहीत मेसेज येत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळेची. ओव्हर देऊन झाला की कपडे बदलायच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात. बाकीच्या मुली केस नीट करतात, गप्पा मारतात, मी बाकावर बसून लिहिते. आधी त्या विचारायच्या, आता कुणी विचारत नाही. एखाद्या दिवशी तेवढीही पाच मिनिटं मिळणार नाहीत असं दिसलं तर ड्युटीतच हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर तीन-चार शब्द टिपून खिशात टाकते. ‘पपई. लिफ्ट बंद. मामा.’ घरी गेल्यावर त्या शब्दांवरून दिवस पुन्हा उभा राहतो. शब्द नसतील तर राहत नाही, हे अनेकदा पडताळून पाहिलंय.

सतराव्या शतकात लंडनच्या नौदल कचेरीत काम करणारा सॅम्युएल पीप्स हेच करायचा हे मला पुढे समजलं तेव्हा मनापासून आनंद झाला. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत त्याने रोजनिशी लिहिली. १६६५ ची प्लेगची साथ, १६६६ ची लंडनची आग, जहाजांचा दारूगोळा, रसद, पगार, हे सगळं अंगावर असताना. तो रोज रात्री मेणबत्ती लावून शांतपणे लिहायचा असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो कच्च्या टिपणांवरून पाच-सहा दिवस एकदम लिहून काढायचा. डोळे जातील या भीतीने त्याने ती वही थांबवली. नंतर तो तीसहून अधिक वर्षं जगला आणि आंधळा झाला नाही. त्या पुढच्या वर्षांतलं किती काय लिहायचं राहून गेलं असेल याची मला हळहळ वाटते.

थोडक्यात लिहिण्यावर माझा इतका विश्वास बसण्याचं दुसरं एक कारण आपल्याच इतिहासात आहे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. शकावली म्हणजे सनावळीप्रमाणे केलेल्या नोंदी. अमुक शके, अमुक महिना, तिथी, आणि त्या दिवशी काय झालं ते एका-दोन ओळींत. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा धरला जायचा. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे इतर साधनांचाही पाठिंबा मिळाला आणि आज आपण शिवजयंती त्या तारखेला करतो. जेध्यांच्या घरात ज्याने कुणी ते टिपलं असेल त्याने एकही विशेषण वापरलेलं नाही. वार लिहिला, तिथी लिहिली, गडाचं नाव लिहिलं. तेवढ्यावर तीनशे वर्षांनी वाद मिटायला मदत झाली. आपल्या घरचा दिवस असा कुणाच्या उपयोगी पडेल असं मी म्हणत नाही, पण तारीख, वार, ठिकाण आणि घडलेली एक गोष्ट, हा साचा जो टिकला तो उगीच नाही टिकला.

पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये गेलं की कस्तुरबांच्या समाधीशेजारी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची समाधी आहे. बरेच जण ती बघून पुढे जातात. १९१७ साली ते गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ ला, अटकेनंतर आठवडाही पुरता झाला नव्हता, तेव्हा तिथंच त्यांचं हृदय बंद पडलं. वय अवघं पन्नास. या पंचवीस वर्षांत पत्रं, भाषणं, भाषांतरं, प्रवास, तुरुंगवास, आणि या सगळ्यातून त्यांची डायरी चालू. त्यांच्यापेक्षा कामात बुडालेला माणूस शोधावा लागेल. त्यांनी लिहिलं ते बहुतेक दुसऱ्याबद्दल. मी त्या समाधीपुढे बराच वेळ उभी होते, कारण नर्सचंही जवळपास तसंच असतं. दिवसभर दुसऱ्याच्या शरीराची नोंद. म्हणून मला वाटतं की दिवसाकाठी दोन ओळी स्वतःच्या असाव्यात.

मनात साचलेलं मोकळं करण्यासाठी लिहावं, असंही खूप सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९८६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्यापैकी ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की लिहून उठल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. ही दुसरी बाजू क्वचित कुणी सांगतं. रात्रपाळीत वॉर्डात मृत्यू झाला असेल, विशेषतः लहान मुलाचा, तर सकाळी मी फक्त तारीख आणि ‘रात्र वाईट’ एवढं लिहिते. घरी जायचं असतं, झोपायचं असतं, संध्याकाळी पुन्हा यायचं असतं. त्या रात्रीबद्दल मी सुट्टीच्या दिवशी लिहिते, दुपारी, उजेडात, आणि लिहून झालं की उठून काहीतरी हातापायाचं काम काढते. भांडी, कपाट, काहीही. नवीन मुलींनाही मी हे आवर्जून सांगते. जखम उघडायची तर ड्रेसिंगचं सामान जवळ घेऊनच उघडावी.

आणि खाडे पडतातच. पडू द्यावेत. एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं, आणि बाविसाव्या दिवशी खंड पडला की माणूस वही बंद करून टाकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवीन सवय लावायला सांगून रोज नोंद घेतली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले आणि कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला त्यातला सगळ्यात दिलासा देणारा भाग हा वाटला की अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी त्याने सवयीवर फारसा परिणाम झाला नाही. आईच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे असतात, वारीला गेली तर आठवडाभर सलग असतात, आणि आल्यावर ती पुन्हा ‘स ४’ पासून सुरू करते. मागचं भरून काढत बसत नाही. मीही सुटलेले दिवस आठवून लिहित नाही. रेघ ओढायची, आजची तारीख घालायची.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या महापुराबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सांगलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. मी मिरजेत, आई-बाबा गावात, आणि मधले रस्ते बंद. माझ्या वहीत त्या दिवसांची पानं आहेत आणि आईच्या कॅलेंडरात ऑगस्टच्या चौकटी. पुढे दिवाळीत माहेरी गेले तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर बसून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलं.

४ तारखेच्या चौकटीत तिचं ‘स ४ सं ३॥’ आहे आणि बाजूला ‘पाणी पारापर्यंत’. ५ तारखेला छापील नागपंचमी, आणि त्याखाली ‘म्हशी वर नेल्या. डेअरी बंद.’ ६ ला ‘घरात’. एवढा एकच शब्द. त्या रात्री घर सोडताना तिने रेशनकार्ड, सातबारा, मंगळसूत्राची डबी आणि खिळ्यावरचं कॅलेंडर एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. बाबा म्हणत होते, ते कशाला? ती म्हणे, “ऱ्हाऊ द्या, वजन न्हाय त्येचं.” ७ ची चौकट शाळेतली, ‘शाळेत. वर्ग तिसरी.’ ८ तारखेला ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडून गेली. आमच्या गावातही त्या घरांशी नाती असलेली माणसं आहेत. आईने लिहिलंय, ‘ब्रह्मनाळ. कोणी जेवलं नाही.’ पेनाने ती ओळ एकदा लिहून वरून पुन्हा गिरवलेली आहे. १० ला ‘भाकऱ्या आल्या तासगावहून. खर्डा.’ १५ ला स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी होती, तिथं ‘झेंडा. मामाला दोरा बांधला.’ या सगळ्या दिवसांत दुधाच्या जागी काही नाही. दूध पुन्हा दिसतं ते महिना संपता संपता, ‘स १॥’. म्हशी आटल्या होत्या.

माझी वही त्याच तारखांची. ‘६. घरी जाता येत नाही, डबल ड्युटी.’ ‘७. आईचा फोन लागत नाही. साप चावलेले दोन आले.’ ‘८. ब्रह्मनाळ. इन्चार्ज सिस्टरांनी सगळ्यांना चहा पाजला, स्वतः घेतला नाही.’ ‘९. फोन लागला. म्हशी आहेत. दोघं आहेत. बाबांची बीपीची गोळी संपली.’ त्या क्रमाने का लिहिलं, आधी म्हशी आणि मग दोघं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आईनेच फोनवर त्या क्रमाने सांगितलं होतं आणि मी तसंच उतरवलं.

वाचताना मजेशीर गोष्ट निघाली. आई ठामपणे सांगत होती की माझा फोन दुसऱ्याच दिवशी लागला. मलाही वाटत होतं की दोन दिवसांत लागला. वहीत ९ तारीख, म्हणजे घर सोडल्यावर तिसरा दिवस उलटत होता. तिच्याही चौकटीत ९ लाच ‘फोन’. तेवढे दिवस आम्हाला एकमेकींची खबर नव्हती, आणि दोघींच्याही मनाने ते आवळून लहान करून टाकलं होतं. आई बराच वेळ त्या चौकटीवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “म्हंजी तू लई दिस घोरात हुतीस.” इतक्या वर्षांत माझ्याबद्दल ती इतकं थेट कधी बोलली नव्हती.

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हाही तेच कॅलेंडर पुढे आलं. पाणी घरात कधी शिरलं, कधी उतरलं, जनावरं कुठं नेली, किती दिवस बाहेर होता. शेजारीपाजारी बोटं मोजत होते, एकमेकांना विचारत होते. आईने पान उलटून तारखा वाचून दाखवल्या, आणि मग आळीतले दोघे-तिघे आपापल्या तारखा तिच्या चौकटींवरून लावायला तिच्याकडे आले. ‘तुमी म्हशी वर नेल्या त्येच्या दुसऱ्या दिशी आमी निघालो’ असं.

एक नियम मात्र मी पहिल्यापासून पाळते, आणि माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकीने पाळावा असं मला मनापासून वाटतं. पेशंटचं नाव, गाव, आजाराचं नाव माझ्या वहीत येत नाही. कधीच नाही. वॉर्डात जे कळतं ते त्या माणसाने विश्वासाने उघडं केलेलं असतं, ते माझं नाही. वहीत फक्त कॉटचा नंबर, तोही वॉर्ड कुठला ते न लिहिता. डॉक्टरांबद्दल, सहकाऱ्यांबद्दल राग असेल तर ‘आज चिडले’ इतकं पुरतं. वही उद्या बसमध्ये राहिली आणि कुणाच्या हाती लागली तर माझ्याशिवाय कुणाचं काही उघडं पडू नये.

मुलगी आता माझ्या जुन्या वह्या काढून वाचते. मी अडवत नाही. परवा तिने एक पान पुढे धरलं. ‘सात नंबरच्या आजींनी आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भात खाल्ला. भात खाली सांडला तो त्यांनीच वेचला, मला वेचू दिला नाही.’

“मग पुढे काय झालं त्यांचं?” तिने विचारलं.

“वाच की पुढे.”

तिने पानं उलटली. दोन-तीन दिवस माझी मेथी, बस, सासूबाईंचे डोळे, तिची स्वतःची चाचणी परीक्षा. मग सापडलं. ‘सात नंबर घरी. जाताना पपई दिली.’ ती ते मोठ्याने वाचून हसली, आणि मग तिला त्या कोण होत्या, कुठल्या गावच्या, काय झालं होतं त्यांना, सगळंच जाणून घ्यायचं होतं. तेवढं तिला सांगितलं नाही.